स्थैर्य कोणाचे? : अवधच्या इतिहासातील एक दाखला

निवडणुकीचा हंगाम जवळ आला की राजकीय व्यासपीठावर दोन शब्द हटकून ऐकू येतात. सत्तेवर असलेला पक्ष स्थैर्याच्या नावाने मते मागतो आणि सत्तेबाहेर असलेला पक्ष परिवर्तनाच्या नावाने. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की स्थैर्य आणि परिवर्तन ही एकाच तराजूची दोन पारडी होत. एक खाली गेले की दुसरे वर जाणारच. राज्यशास्त्राच्या पुष्कळशा पाठ्यपुस्तकांतही हे गृहीतक फारशी चिकित्सा न करता स्वीकारलेले आढळते. तथापि ज्या प्रदेशाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत घाईचा बदल, गोठवलेले स्थैर्य आणि मतपेटीच्या मार्गाने झालेले संथ परिवर्तन ह्या तिन्ही अवस्था अनुभवल्या, त्या अवधचा इतिहास पाहू गेल्यास ह्या तराजूविषयी शंका उत्पन्न होते. स्थैर्य हवे की बदल हवा, ह्यापेक्षा स्थैर्य कोणाचे, हा प्रश्न तेथे पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो.

लखनौच्या पूर्वेस, फैजाबादकडे (२०१८ पासून जिल्ह्याचे नाव अयोध्या) जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट आहे. एके काळचे हे स्वतंत्र गाव आता वाढत्या लखनौ शहराचाच भाग झाले असून, झिलई केलेल्या मातीच्या भांड्यांसाठी त्याचे नाव अनेकांना ठाऊक असते. परंतु इतिहासात चिनहटची नोंद आहे ती वेगळ्या कारणासाठी. ३० जून १८५७ रोजी सर हेन्री लॉरेन्स सहा-सातशे सैनिक घेऊन लखनौहून बाहेर पडला आणि चिनहटजवळ त्याचा दारुण पराभव झाला. त्याच दिवशी रेसिडेन्सीचा वेढा सुरू झाला. चार दिवसांनी लॉरेन्स मरण पावला आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात बेगम हजरत महलच्या पुत्रास, बिर्जीस कद्रला, गादीवर बसविण्यात आले. मराठी वाचकाची १८५७ ची ओळख कानपूर, बिठूर, झाशी अशा मार्गाने होत असल्यामुळे चिनहट त्याच्या वाटेत सहसा येत नाही. ह्या लढाईच्या लष्करी तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. कंपनीच्या विरोधात कोण उभे राहिले आणि का, हा भाग मात्र प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी येऊन भिडतो.

चिनहटला लढले ते मुख्यतः कंपनीचेच उठलेले शिपाई. परंतु बंगाल सेनेतील शिपायांची फार मोठी भरती अवधच्या खेड्यांतून होत असे. म्हणजे गणवेशाआड शेतकऱ्याचाच मुलगा होता. पुढील आठवड्यांत वेढ्यात तालुकदार आपापल्या माणसांनिशी सामील होत गेले, आणि त्या माणसांत त्यांची कुळेही होती. ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांना चक्रावून टाकणारी वाटली. कारण अवघ्या वर्षापूर्वी, फेब्रुवारी १८५६ मध्ये, अवध खालसा केल्यावर त्यांनी जी घाईची जमाबंदी केली होती, ती त्यांच्या समजुतीप्रमाणे ह्या कुळांच्याच हिताची होती. तालुकदार हे मधले उपटसुंभ, खरा मालक गावकरी, असा सिद्धान्त धरून गावेच्या गावे तालुकदारांच्या ताब्यातून काढण्यात आली. पूर्वी अवधातील ६७ टक्के गावे तालुकदारांकडे होती, ती ह्या जमाबंदीने ३८ टक्क्यांवर आली. गढ्या पाडल्या, शस्त्रे काढून घेतली, फौजफाटा मोडला. कागदावर पाहिले तर ही एक सामाजिक क्रांतीच होती, आणि ती तीनचार हंगामांत उरकण्याचा बेत होता.

मग मुक्त केलेला शेतकरी मुक्त करणाऱ्याच्या विरोधात का गेला? कॅनिंगच्या प्रशासनाने उत्तर काढले की ह्या रयतेला हक्कांची किंमतच नाही, तिला तिचा राजाच हवा. हे उत्तर सोयीचे होते, परंतु चुकीचे. तालुकदार जुलमी होता ह्यात वाद नाही. पण पीक बुडाले तर तो थांबे, लग्नाकार्याला उचल देई, आणि त्याच्याशी हुज्जत घालण्याची एक जुनी रीत होती. नव्या सरकारने सारा वाढवून ठरविला, वसुलीची तारीख नेमली आणि त्या तारखेला माणसाचे तोंड नव्हते. शेतकऱ्याला मिळालेला हक्क नवा व अपरीक्षित होता. गेलेला आधार जुना आणि खात्रीचा. तेव्हा शेतकरी परिवर्तनाच्या विरोधात गेला असे म्हणण्यापेक्षा, ज्या परिवर्तनात त्याच्या पायाखालची जमीनच हलत होती त्याच्या विरोधात गेला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

कंपनीला हे ठाऊक नव्हते असेही नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दख्खनमध्ये ह्याच्या अगदी उलट धोरण अवलंबिले होते. इनामे, वतने, जहागिऱ्या शक्य तितक्या चालू ठेवायच्या, गावपंचायतीला हात लावायचा नाही, आणि नवे कायदे जुन्या वहिवाटीच्या अंगाने आणायचे. त्यातील हेतू दयेचा नव्हता, सावधगिरीचा होता. परंतु त्या सावधगिरीने महाराष्ट्रातील राज्यपालट पुष्कळसा निभावून नेला. पुढे साताऱ्याचे (१८४८) व नागपूरचे (१८५४) राज्य खालसा करताना आणि इनाम कमिशनच्या कारभारात ही सावधगिरी सुटली व असंतोष वाढला, हे सर्वश्रुत आहे.

अवधचा खरा दुर्दैवी अध्याय मात्र १८५७ नंतरचा आहे. घाईने हात पोळले म्हणून इंग्रज सरकारने बदलालाच नकार दिला. मार्च १८५८ च्या जाहीरनाम्याने जमिनी जप्त करण्याची धमकी देऊन लगोलग त्याच जमिनी निष्ठेच्या मोबदल्यात तालुकदारांना सनदांनी परत दिल्या गेल्या. १८६१ मध्ये तालुकदारांची ब्रिटिश इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि १८६९ च्या कायद्याने त्यांच्या इस्टेटींना संरक्षण मिळाले. अवधात शांतता नांदू लागली. सरकारी अहवालांच्या भाषेत प्रांत 'स्थिर' झाला. पण हे स्थैर्य कैसरबागेतील दिवाणखान्यांचे होते. कुळाच्या वाट्याला अनिश्चितता आली, आणि तीही कायदेशीर. १८६८ च्या खंडाच्या कायद्याने कायम वहिवाटीचा हक्क फारच थोड्या कुळांना दिला. १८८६ च्या कायद्याने इतरांना सात वर्षांची मुदत दिली आणि मुदतीनंतरची खंडवाढ रुपयास एक आण्यापर्यंत मर्यादित केली. बेताबेताने सुधारणा करण्याचा हा एक नमुनेदार प्रयत्न म्हणावा लागेल. प्रत्यक्षात काय झाले? खंड वाढविण्यास मर्यादा पडली म्हणून जमीनदार दर सात वर्षांनी नजराणा मागू लागला आणि नजराणा न देणाऱ्यास बेदखल करू लागला. म्हणजे कुळाला सुरक्षितता देण्यासाठी काढलेल्या मुदतीने त्याच्या उच्छेदाची तारीखच नेमून दिली. हळूहळू होणारा बदल आपोआप शहाणपणाचा असतो, असे मानणाऱ्यांनी हा कायदा अवश्य अभ्यासावा.

साठ वर्षे गोठवून ठेवलेले हे प्रकरण १९२० मध्ये फुटले, आणि ते फोडणाऱ्या माणसाशी मराठी वाचकाचे नाते आहे. बाबा रामचंद्र ह्या नावाने अवधच्या खेडोपाडी ओळखला गेलेला हा पुढारी मूळचा श्रीधर बळवंत जोधपूरकर, ग्वाल्हेर संस्थानातील एका मराठी ब्राह्मण कुटुंबातला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो गिरमिटिया मजूर म्हणून फिजीला गेला. ब्राह्मणांना त्या भरतीत घेत नसत म्हणून त्याने नाव बदलले, असे सांगतात. महायुद्धाच्या काळात तो परत आला आणि फैजाबादच्या बाजूस स्थायिक झाला. तुलसीदासांचे रामायण सांगत गावोगाव हिंडणाऱ्या ह्या माणसाने 'सलाम'च्या जागी 'सीताराम' हा अभिवादनाचा शब्द रूढ केला. वरवर पाहता ही भाविकपणाची गोष्ट. पण सलाम खाली वाकून वरच्याला करायचा असतो आणि सीताराम दोघांनी एकमेकांना म्हणायचे असते, हा फरक तालुकदारांच्या कारकुनांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. जून १९२० मध्ये काही शे शेतकऱ्यांना घेऊन बाबा अलाहाबादला गेले आणि जवाहरलाल नेहरूंना त्यांनी प्रतापगडच्या खेड्यांत ओढून नेले. नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात ह्या प्रसंगाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात अवध किसान सभा स्थापन झाली. जानेवारी १९२१ मध्ये रायबरेली जिल्ह्यात फुर्सतगंज व मुन्शीगंज येथे गोळीबार झाले आणि फेब्रुवारीत बाबांना अटक झाली.

किसान सभेपाठोपाठ १९२१-२२ मध्ये हरदोई, सीतापूर, बहराईच, बाराबंकी ह्या भागांत मदारी पासी ह्यांच्या नेतृत्वाखाली 'एका' चळवळ पसरली. हे जिल्हे चिनहटपासून फार दूर नाहीत. बाराबंकीची वाट तर चिनहटवरूनच जाते. ह्या चळवळीत घेतली जाणारी शपथ विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. जमिनीत खड्डा खणून त्यात पाणी भरायचे, ते गंगाजल मानायचे आणि त्याच्या साक्षीने म्हणायचे की नोंदलेला खंडच देऊ, पण तो वेळेवर देऊ. वेठ करणार नाही. बेदखल केले तरी शेत सोडणार नाही. गुन्हेगाराला साथ देणार नाही. पंचायतीचा निवाडा मानू. सरकारने ह्याला बंड ठरवून दडपले. वास्तविक ह्या शपथेतील प्रत्येक कलम स्थैर्याची मागणी करणारे आहे. नोंद हवी, ठरलेला आकडा हवा, ठरलेली वेळ हवी, निवाड्याची जागा हवी. उलथापालथ करू पाहणारा माणूस खंड वेळेवर देण्याची शपथ घेत नाही. ज्याला अवधचे 'स्थिर' सरकार अस्थैर्य म्हणत होते, ती वस्तुतः दुसऱ्या एका स्थैर्याची भूक होती, आणि दोन स्थैर्ये एकाच शेतात नांदू शकत नव्हती.

ह्यानंतरचा प्रवास पायऱ्यापायऱ्यांनी झाला. १९२१ च्या दुरुस्तीने सात वर्षांची मुदत जाऊन कुळाला हयातभर वहिवाटीचा हक्क मिळाला. १९३७ च्या निवडणुकीत, मताधिकार मर्यादित असूनही, काँग्रेसला संयुक्त प्रांतात बहुमत लाभले आणि १९३९ च्या कायद्याने तो हक्क वारसाकडे जाऊ लागला. जमीनदारी निर्मूलनाचा ठराव १९४६ मध्ये झाला, कायदा १९५० चा, राष्ट्रपतींची संमती जानेवारी १९५१ ची आणि प्रत्यक्ष अंमल १ जुलै १९५२ चा. मधल्या काळात न्यायालयांतील लढाया झाल्या व जमीनविषयक कायद्यांच्या रक्षणार्थ घटनेला पहिली दुरुस्ती करावी लागली. जमीनदाराला भरपाई मिळाली. त्याची सीर व खुदकाश्त जमीन त्याच्याकडेच राहिली. खंडाच्या दहापट रक्कम भरून भूमिधर होण्याची सोय कुळाला होती, पण सरकारच्या अपेक्षेइतका पैसा जमला नाही, आणि बहुसंख्य कुळे 'सीरदार' ह्या दुय्यम वर्गात राहिली. १९५४ मध्ये त्यांच्याही खालचे 'अधिवासी' सीरदार झाले. १९७७ मध्ये सीरदार भूमिधर झाले. १८८६ पासून मोजल्यास ही ९१ वर्षे होतात.

कोकणातील वाचकाला ही साखळी अपरिचित वाटू नये. खोतीविरुद्धचा चरीचा संप १९३३ पासून काही वर्षे चालला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले, आणि खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. पाठोपाठ कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला. दोन्ही ठिकाणी बदल संथ झाला, पण पुढे पडलेले पाऊल मागे घेतले गेले नाही. १८५६ चा बदल एका झटक्यात आला आणि तीन वर्षांच्या आत समूळ उलटविला गेला. १९३९ व १९५२ चे बदल पुढील कोणत्याही सरकारने, त्याचा रंग कोणताही असो, उलटविण्याचा प्रयत्न केला नाही. कारण दोन्ही वेळी, पहिल्या वेळी थोड्या आणि दुसऱ्या वेळी सर्व प्रौढ माणसांच्या, मताची मोहोर त्यांवर उमटलेली होती.

ह्या संथपणाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. कूळ म्हणून कागदावर ज्याचे नावच नव्हते तो शेतमजूर, बहुधा दलित, ह्या नव्वद वर्षांच्या शिडीच्या पायथ्याशीच राहिला. ज्याच्याजवळ काही नाही त्याला 'जरा दमाने घ्या' असे सांगणे सोपे असते, आणि सांगणारे बहुधा भरल्या घरचे असतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता ह्यांतील विसंगती फार काळ टिकवली तर राजकीय लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असा इशारा दिला होता. त्याच भाषणात घटनाबाह्य मार्ग सोडून देण्याचाही आग्रह होता. हे दोन इशारे एकत्र वाचावयाचे आहेत. संथ बदलाचा पुरस्कार करणारे बहुधा दुसराच उद्‌धृत करतात.

राज्यव्यवस्थेच्या अंगाने ह्याच प्रश्नाचा विचार आंबेडकरांनी त्याआधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना, केला होता. कार्यकारी सत्ता स्थिरही असावी आणि जबाबदारही, परंतु दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धती अद्याप कोणास सापडलेली नाही, अशी त्यांची मांडणी होती. अमेरिकी व स्विस पद्धती स्थैर्य अधिक देतात. ब्रिटिश पद्धती जबाबदारी अधिक देते. मसुद्याने जाणूनबुजून जबाबदारीला अग्रक्रम दिला. संसदीय पद्धतीत सरकारची झडती दररोज प्रश्न, ठराव आणि चर्चांच्या द्वारा सभागृहात घेतली जाते आणि ठरावीक काळाने मतदार घेतो. म्हणजे अस्थैर्याची काही एक शक्यता घटनाकारांनी हिशेबात धरली होती, ती अनवधानाने राहून गेलेली नव्हती. 'स्थिर सरकार'च्या घोषणा देणाऱ्यांना ह्या भाषणाची आठवण क्वचितच असते.

उत्तर प्रदेशाने ही शक्यता पुरेपूर वसूल केली. १९६७ मध्ये काँग्रेसचे बहुमत गेले आणि चरणसिंग ह्यांचे संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. ते वर्षभरही टिकले नाही, राष्ट्रपती राजवट आली आणि १९६९ मध्ये मध्यावधी निवडणूक घ्यावी लागली. १९७७ मध्ये लोकसभेच्या राज्यातील सर्व ८५ जागा जनता पक्षाने जिंकल्या. १९८४ मध्ये त्यांतील ८३ काँग्रेसने. १९८९ नंतरची दीड दशके तर आघाड्यांची, फाटाफुटींची आणि राष्ट्रपती राजवटींची. १९९७ मध्ये दोन पक्षांनी सहा-सहा महिन्यांचे मुख्यमंत्रिपद वाटून घेण्याचा करार केला, तो मोडला, आणि फोडलेल्या आमदारांना सामावून घेता घेता कल्याणसिंग ह्यांच्या मंत्रिमंडळाची संख्या ९३ वर गेली. फेब्रुवारी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने विधानसभेत दोन दावेदारांमध्ये एकाच वेळी बलाबल मोजावे लागले. महाराष्ट्रातील सुशिक्षित मंडळी त्या काळी ह्या बातम्या वाचून जी मान हलवीत, ती नोव्हेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ ह्या एकाच विधानसभेच्या काळात तीन मुख्यमंत्री पाहिल्यानंतर कितपत हलविता येईल, हा प्रश्न वेगळा.

ह्या अस्थैर्याने नुकसान झाले. अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा धंदा झाला, दीर्घकालीन योजना रखडल्या, आमदारांच्या निष्ठेला भाव आला. पण त्याच काळातील दुसरी नोंदही तितकीच खरी आहे. जे समाज १९५२ पासून मते देत होते पण सत्तेच्या दालनात पाहुण्यासारखे उभे राहत होते, ते ह्याच वर्षांत यजमान झाले. १९९५ मध्ये एक दलित स्त्री राज्याच्या मुख्यमंत्रिपदी आली. ते सरकार अल्पकाळातच गेले, परंतु ही गोष्ट अशक्य आहे असे म्हणण्याची सोय कायमची गेली. २००७ मध्ये त्याच मायावतींना मतदारांनी ४०३ पैकी २०६ जागा देऊन स्वबळावर सत्ता दिली, आणि पाच वर्षांची पूर्ण मुदत पार करणाऱ्या त्या राज्याच्या पहिल्या मुख्यमंत्री ठरल्या. राज्याचे खऱ्या अर्थाने पहिले स्थिर सरकार एका दीर्घ अस्थैर्यातून आणि त्याच अस्थैर्याने वर आणलेल्या नेतृत्वाच्या हातून आले, हा योगायोग मानता येत नाही. २०१२ मध्ये समाजवादी पक्षाला २२४ जागा मिळाल्या, २०१७ मध्ये भारतीय जनता पक्षाला ३१२. दोन्ही वेळा स्पष्ट बहुमत, दोन्ही वेळा सत्तापालट. २०२२ मध्ये योगी आदित्यनाथ ह्यांचे सरकार पूर्ण मुदतीनंतर २५५ जागांनिशी परत आले, तेव्हा राज्याने स्थैर्याचा कौल दिला असे विश्लेषण सर्वत्र झाले. दोनच वर्षांनी, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, त्याच मतदारांनी त्या पक्षाच्या ६२ जागांच्या ३३ केल्या आणि समाजवादी पक्षाला ३७ दिल्या. विश्लेषकांनी मग परिवर्तनाचा कौल दिल्याचे सांगितले. मतदार एकच, झडती घेण्याच्या जागा मात्र दोन होत्या आणि त्याने दोन्ही वापरल्या.

चिनहट ज्या शहराचा भाग झाले आहे त्या लखनौचा लोकसभा मतदारसंघ ह्या दृष्टीने अधिकच उद्बोधक आहे. अटलबिहारी वाजपेयी तेथे १९५७ व १९६२ मध्ये पराभूत झाले. १९६७ मध्ये ह्या शहराने आनंद नारायण मुल्ला ह्या अपक्ष न्यायाधीश-शायराला निवडून दिले, १९७७ मध्ये हेमवतीनंदन बहुगुणांना. १९९१ पासून मात्र वाजपेयींना लागोपाठ पाच वेळा, पुढे लालजी टंडन व राजनाथ सिंह ह्यांना, असा एकाच पक्षाचा पाठपुरावा ह्या शहराने २०२४ पर्यंत सोडलेला नाही. राज्यात सरकारे कोसळत असताना राजधानीने आपला खासदार बदलला नाही. आणि ह्याच मतदारसंघाच्या खासदाराचे केंद्रातील सरकार १७ एप्रिल १९९९ रोजी अवघ्या एका मताने पडले. तो दैनंदिन झडतीचा निकाल होता. काही महिन्यांनी मतदारांनी आपली झडती घेतली, आणि वाजपेयी पुन्हा पंतप्रधान होऊन २००४ पर्यंत राहिले. एका मताने पायउतार होणारे सरकार आणि तक्रार न करता पुन्हा मते मागावयास जाणारा पंतप्रधान, ह्यात देशाचे स्थैर्य ढळले असे कोणासही वाटले नव्हते.

व्यवस्थाही ह्या अनुभवातून संथपणे शिकली, हे नोंदविले पाहिजे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला आळा घातला, पण एकतृतीयांश आमदार फुटल्यास ते 'फूट' म्हणून वैध ठरत. उत्तर प्रदेशात त्या फटीतून काय काय आत शिरले ते पाहून २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ती फट बुजविली आणि मंत्रिमंडळाची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली. म्हणजे त्या ९३ च्या जागी आता जास्तीत जास्त ६०. नव्या फटी शोधणारेही अर्थात शांत बसलेले नाहीत.

अशा परिस्थितीत लोकसभा व विधानसभा ह्यांच्या निवडणुका एकत्र घेण्याचे विधेयक, म्हणजे एकशे एकोणतिसाव्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव, १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडला गेला व संयुक्त समितीकडे सोपविण्यात आला. त्याचे समर्थन खर्च, आचारसंहितेने होणारा खोळंबा आणि मुख्यतः स्थैर्य ह्या मुद्द्यांवर केले जाते. खर्चाचा मुद्दा खरा आहे, खोळंब्याचाही काही अंशी. पण विधेयकातील एक तरतूद ह्या सर्वांहून वजनदार आहे. विधानसभा मध्येच विसर्जित झाली तर नवी विधानसभा पूर्ण पाच वर्षांसाठी निवडली जाणार नाही, उरलेल्या मुदतीपुरतीच निवडली जाईल. १९६७ च्या उत्तर प्रदेशाला ही तरतूद लावून पाहावी. १९६९ च्या मध्यावधी निवडणुकीत चरणसिंगांच्या भारतीय क्रांती दलाला, म्हणजे जमीनदारी निर्मूलनाने उभ्या केलेल्या त्या नव्या भूमिधर वर्गाला, प्रथमच आपल्या बळावर मोठे यश मिळाले होते. ती विधानसभा प्रत्यक्षात १९७४ पर्यंत चालली. ह्या तरतुदीखाली ती १९७२ मध्ये संपली असती, आणि आदल्या तीन वर्षांत 'मुदत थोडीच उरली आहे' हे कारण प्रत्येक अवघड निर्णय पुढे ढकलायला हाताशी असते. शिवाय २०२२ व २०२४ मध्ये ज्या दोन वेगळ्या जागी मतदाराने दोन वेगळे हिशेब मागितले, त्या दोन जागा एकाच दिवशी एकाच रांगेत आल्या असत्या.

चिनहटच्या आसपासची शेते आता फारशी उरलेली नाहीत. जेथे बेदखलीच्या नोटिसा येत तेथे मागल्या काही दशकांत भूसंपादनाच्या नोटिसा आल्या. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने भरपाई व पुनर्वसनाच्या अटी सुधारल्या, त्या १८९४ च्या कायद्याच्या जागी, म्हणजे एकशेवीस वर्षांनी. भूमिधराचा नातू भरपाई घेऊन शहराचा रहिवासी होतो आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्याचा नातू त्याच वस्तीत बांधकामावर रोजंदारीला जातो, तेव्हा त्याच्याजवळ दाखवायला कुठलाही सातबारा किंवा खतौनी नसते; मतदार ओळखपत्र तेवढे असते. त्याला वर्षभरात किती वेळा आणि किती ठिकाणी आपले म्हणणे नोंदविता यावे, ह्याचा निर्णय आता ज्या समितीसमोर गेला आहे, तिने १९४८ चे ते भाषण एकदा तरी समोर ठेवावे.